टेकडीवर काय बोलावे आणि खाली उतरल्यावर काय

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच दुखण्याची आहेत. त्यामुळे एरवीप्रमाणे बागकाम, जुनी नाणी आणि सतार यांची सरमिसळ न करता हे सदर या वेळी त्या दुखण्यालाच दिले आहे. छंदासाठी जमलेली माणसे छंद सोडून बाकी सगळे बोलू लागली, तर त्यांना कोणी, कसे आणि कितपत आवरायचे, हा तो प्रश्न. सहाही पत्रे पक्षीनिरीक्षकांची असावीत हा योगायोग म्हणावा, की पहाटे पाचला उठणाऱ्यांकडे दिवसभर बोलायला जास्त वेळ उरतो असे समजावे, हे वाचकांनी ठरवावे. मी स्वतः पुण्याच्या पश्चिम भागातील एका पक्षीनिरीक्षण गटाची अकरा वर्षे समन्वयक होते, त्यामुळे पुढील उत्तरांत तटस्थपणा कमी आणि अनुभव, त्यातही चुकांचा अनुभव, जास्त आढळेल.

प्रश्न : आमचा गट पूर्वी चाळीस-पंचेचाळीस पक्षीप्रेमींचा होता, तो आता दोनशे बारा सदस्यांचा झाला आहे. गेल्या दसऱ्यापासून समन्वयकपद माझ्याकडे आले. व्हॉट्सॲपवरील आमच्या गटात पहाटेपासून सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, सर्दीवरचे काढे, क्रिकेट आणि निवडणूक असे सर्व काही येत असते आणि मासिक बैठकीतही तेच होते. मी दोनदा नम्रपणे विनंती केली, तेव्हा "आम्ही हा गट सुरू केला तेव्हा आपण बँकेत होता" असे एका ज्येष्ठ सभासदांनी ऐकवले. विषयांतर पूर्णपणे बंद करावे, की सरळ दुर्लक्ष करावे?
– एक निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : ज्येष्ठांनी आपल्याला बँकेची आठवण करून दिली, हे एका अर्थी बरेच झाले. पैसे काढायला आलेला, पासबुक भरायला आलेला आणि नुसताच पंख्याखाली बसायला आलेला, अशा तिघांनाही न दुखावता ज्याला त्याला त्याच्या खिडकीकडे पाठवण्यात आपली नोकरी गेली असेल. गटाचे समन्वयकपद याहून फार निराळे नाही. फरक इतकाच, की इथे खिडकी एकच असते आणि पंख्याखाली बसायला आलेले गृहस्थ रांगेत सर्वांत पुढे असतात.

बंदी की दुर्लक्ष, हे ठरवण्याआधी विषयांतराने गटाचे नेमके काय बुडते, ते एकदा मोजून पाहावे. "त्रास होतो" एवढी तक्रार पुरेशी नाही. त्रास आपल्याला होत असेल, उरलेल्या दोनशे अकरा जणांना कदाचित होतही नसेल. मला हा हिशेब एका संक्रांतीला कळला. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास, गटात नव्यानेच आलेल्या एका मुलीने सोलापूर रस्त्यावरील कवडीपाटहून एक छायाचित्र टाकले. कवडीला हिवाळ्यात चक्रवाक असतात, शेकाट्या असतात, नदीवर शहराच्या मैलापाण्याचा फेसही असतो, पण तिच्या छायाचित्रात चक्रवाकांच्या मागे, अर्धवट पाठमोरे असे दुसरेच एक बदक होते आणि खाली तिने विचारले होते, "हे कोण?" त्यानंतर तिळगूळ सुरू झाला. हलव्याचे दागिने, पतंग, डोळे मिचकावणारे सूर्य आणि "गोड गोड बोला" असे एकशे त्रेसष्ट संदेश रात्रीपर्यंत आले. बदकांतले जाणकार असे आमच्याकडे एकच सभासद, आणि ते दिवसभर प्रवासात होते. त्यांनी रात्री गट उघडला, वरवर चाळला आणि मिटला. ते छायाचित्र त्यांना चौथ्या दिवशी दिसले. पाचव्या दिवशी पहाटे आम्ही कवडीला गेलो, तेव्हा चक्रवाक होते, फेस होता, ते बदक नव्हते. कोणी काही वावगे बोलले नव्हते, उलट सगळे गोडच बोलले होते. नोंद मात्र गेली, आणि त्या मुलीने पुढे गटात काही विचारल्याचे मला आठवत नाही.

तेव्हापासून एखादा संदेश पक्ष्यांबद्दल आहे की नाही हे पाहण्यापेक्षा, त्याच्याखाली कोणाची नोंद किंवा कोणाचा प्रश्न गाडला जातो का, हे मी पाहू लागले. या नजरेने पाहिले की बरेचसे विषयांतर निरुपद्रवी ठरते आणि थोडेसे फार महागात पडणारे निघते.

लहानसहान मजकुराला वेगळी जागा देण्याची युक्ती काही आजची नाही. मुंबईत 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जण निसर्गातील निरीक्षणांची देवाणघेवाण करण्यासाठी एकत्र आले आणि त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. पैकी आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, तेव्हा त्यांच्यापाशी बोलायला दुसरे विषय नव्हते असे कोणी म्हणणार नाही. सोसायटीचे नियतकालिक 1886 पासून निघू लागले. त्यात मोठ्या लेखांच्या मागे संकीर्ण टिपणांचा एक विभाग असतो, आणि अमुक पक्षी तमुक ठिकाणी अवेळी दिसला अशा काही ओळींच्या नोंदी तिथे छापल्या जातात. लहान आहेत म्हणून त्या टाकून दिल्या जात नाहीत आणि मोठ्या लेखांच्या मध्ये घुसवल्याही जात नाहीत.

आपणही गटाचा "कट्टा" वेगळा करावा. व्हॉट्सॲपच्या "कम्युनिटी" या सोयीमुळे एकाच छत्रीखाली दोन-तीन गट ठेवता येतात: एक नोंदींचा, एक ओळख विचारण्याचा आणि एक कट्टा. मात्र सोय केली म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण मी तसे समजले आणि फसले. कट्टा पहिले तीन आठवडे ओस पडला होता आणि सुप्रभात मूळ गटातच उजाडत होती. सुप्रभात म्हणणाऱ्याला जागा नको असते, श्रोते हवे असतात. अखेर ज्यांचे संदेश सर्वांत जास्त असत, त्या गृहस्थांच्या घरी मी गेले, चहा घेतला आणि कट्टा सांभाळण्याचे काम त्यांनाच दिले. आठ दिवसांत त्यांनी तिथे रोज एक शब्दकोडे सुरू केले, आणि महिन्याभरात तेच इतरांना बजावू लागले, "हे तिथे नको, माझ्याकडे आणा." आपल्याला बँकेची आठवण करून देणारे सभासद या कामाला अगदी योग्य आहेत, असे मला पत्र वाचतानाच वाटले.

नियम लिहिताना एक पथ्य पाळावे. पाट्या लिहिण्याची हौस या शहराच्या हाडीमांसी आहे, आणि टोमणा मारल्याशिवाय आपल्याला सूचना पुरी झाल्यासारखी वाटत नाही. "येथे शुभेच्छा देण्यास मनाई आहे, त्या आपल्या घरच्यांना द्याव्यात, त्यांना गरज असेल" असा मजकूर मी खरोखरच एकदा टाकला होता. लोकांनी तो हसत हसत दुसऱ्या गटांत पाठवला आणि आमच्या गटात दसऱ्याचे सोने पूर्वीप्रमाणेच लुटले गेले. त्याऐवजी इथे काय टाकावे, बाकीचे कुठे टाकावे आणि चुकून टाकले तर समन्वयक फोन करतील, अशी तीन साधी वाक्ये पुरतात.

फोनचे महत्त्व मला फार उशिरा कळले. एका ज्येष्ठ सभासदांनी गटात रक्तदाता हवा असल्याची विनंती टाकली होती. वर्षानुवर्षे फिरत राहणाऱ्या तसल्या विनंत्या मी इतक्या पाहिल्या होत्या, की "कृपया खात्री न करता असे काही पाठवू नये" असे मी सर्वांदेखत लिहून मोकळी झाले. विनंती त्यांच्या सख्ख्या बहिणीसाठी होती. त्यांनी उत्तर दिले नाही आणि गटही सोडला नाही. फक्त पुढच्या रविवारी टेकडीवर ते माझ्यापासून चार पावले लांब उभे राहिले आणि दुर्बीण मागितली ती दुसऱ्याकडे.

बैठकीतील विषयांतरावरचा उपाय त्या मानाने सोपा आहे. चहा शेवटी ठेवावा. आमच्याकडे पूर्वी आल्या आल्या चहा असे आणि कप खाली ठेवेपर्यंत पार्किंग, पाणीकपात आणि कोणाच्या तरी नातवाचा प्रवेश हे सगळे होऊन जाई. आता आधी पाऊण तास नोंदी वाचल्या जातात आणि मग चहा येतो; नंतर कोण काय बोलते याकडे समन्वयकाने मुळीच लक्ष देऊ नये. तो वेळ गप्पांच्या हक्काचा आहे, आणि माझ्या पाहण्यात निम्मे नवे सभासद पक्ष्यांमुळे आले असले तरी टिकले ते त्या चहामुळेच.

प्रश्न : मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी मला स्वर्गीय नर्तकाचे घरटे सापडले. मी त्याचा फोटो लोकेशनसह गटात टाकला, तो ॲडमिननी तीन मिनिटांत डिलीट केला. त्याच दिवशी एका काकांनी टाकलेले साप्ताहिक राशिभविष्य मात्र जसेच्या तसे राहिले. माझा फोटो पक्ष्याचा होता, राशिभविष्यात पक्षी कुठे होता? हा अन्याय नाही का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सिंहगड रस्ता

उत्तर : आपला फोटो काढून टाकला ते योग्यच झाले. राशिभविष्य राहू दिले ते अयोग्य झाले. दोन्ही एकाच दिवशी घडल्यामुळे आपल्याला अन्याय वाटला, आणि तसा तो वाटणे स्वाभाविक आहे.

आधी फोटोविषयी. स्वर्गीय नर्तकाचे घरटे म्हणजे गवत आणि मुळे कोळ्याच्या जाळ्याने बांधून फांदीच्या बेचक्यात बसवलेला एक नेटका पेला असतो, आणि बहुधा तो माणसाच्या हाताला येईल इतक्याच उंचीवर असतो. अंडी उबवायला नरही बसतो, तेव्हा त्याची लांबलचक पांढरी शेपटी पेल्याबाहेर लोंबत राहते. छायाचित्रकारांना नेमके हेच हवे असते. एकाला जागा कळली की दुसऱ्या दिवशी सहा जण येतात, मधली एखादी डहाळी चौकटीत आडवी येते म्हणून वाकवली जाते किंवा मोडली जाते, आणि आतापर्यंत पानाआड असलेला तो पेला कावळ्याला आणि शिक्र्याला उघडा दिसू लागतो. उबवण्याचा काळ साधारण पंधरा दिवसांचा असतो. त्यात अशी दोन दिवसांची गर्दी पुष्कळ झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये "शिकार" या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. ई-बर्ड या जागतिक नोंदसंचातसुद्धा काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा सर्वांना दाखवली जात नाही.

म्हणजे आपला संदेश शंभर टक्के विषयाला धरून होता आणि तरीही तो जायला हवा होता. पुढच्या वेळी "सिंहगड परिसर, मे" इतकेच लिहावे, घरट्यापासून दूर बसलेल्या पक्ष्याचा फोटो टाकावा आणि जागा वहीत टिपून ठेवावी. आणखी एक सावधगिरी सांगते: मूळ फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला, तर कॅमेऱ्याने किंवा फोनने फाइलमध्ये साठवलेली जागेची माहितीही तिच्याबरोबर जाते. तेव्हा तोंडाने जागा न सांगताही ती सांगितली जाऊ शकते.

आपल्या ॲडमिनचे चुकले ते दोन ठिकाणी. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने दुसऱ्याचा संदेश काढला की त्या जागी तशी ओळ सर्वांना दिसते, त्यामुळे आपण काही अश्लील टाकले होते की काय, अशी शंका दोनशे लोकांना आली असेल. संदेश काढताच आपल्याला फोन करून कारण सांगायला हवे होते. दुसरे म्हणजे, जो हात विद्यार्थ्याच्या फोटोवर तीन मिनिटांत पडतो, तो काकांच्या राशिभविष्याशी अडखळला. वयाने मोठ्या माणसाला टोकणे जड जाते, हे मला मान्य आहे. अकरा वर्षांत मलाही ते दर वेळी जड गेले. पण तरुण सभासद गट सोडतात ते नियमांमुळे क्वचितच. नियम कोणासाठी वाकतो, हे त्यांना पहिल्या महिन्यात दिसलेले असते.

आपण गट सोडू नये. काकांची रास कोणती ते मात्र विचारून ठेवावे, पुढे उपयोग होतो.

प्रश्न : आमचा गट दर रविवारी वेताळ टेकडीवर जातो. बालभारती ते पौड फाटा या, टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याच्या विरोधात नागरिकांची सभा होती, तिचे निमंत्रण मी गटात टाकले. "इथे राजकारण नको" असे सांगून ते काढण्यात आले. टेकडीच राहिली नाही तर आम्ही पक्षी कुठे पाहायचे?
– एक वाचक, विधी महाविद्यालय रस्ता

उत्तर : या पत्राचे उत्तर देताना मी दोनदा लिहिलेले खोडले आहे, कारण माझे स्वतःचे मत आपल्या बाजूचे आहे आणि अशा वेळी नियम सांगणाऱ्याने जास्त जपून बोलावे लागते.

समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीची ही टेकडी शहराचा सर्वांत उंच भाग आहे, आणि तिच्या उतारांवर मोर, रातवे, नाचण, वेडे राघू असे पक्षी आजही सकाळी फिरायला जाणाऱ्या साध्या माणसालाही भेटतात. 2023 च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, ते काही सगळे पक्षीनिरीक्षक नव्हते. ज्या गटाचा प्रत्येक रविवार त्या टेकडीवर उजाडतो, त्या गटात टेकडीच्या भवितव्याची बातमी परकी ठरवणे म्हणजे नाटकाच्या मंडळात नाट्यगृह पाडण्याची बातमी विषयांतर म्हणून काढण्यासारखे आहे. "राजकारण नको" हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकले, त्या बहुतेक वेळी त्याचा अर्थ "तुमचे राजकारण नको" असा होता, हेही नमूद करून ठेवते.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजू. आपल्या गटात कर्वे रस्त्यावरून रोज दुचाकीने कामावर जाणारा, तासभर कोंडीत अडकणारा आणि म्हणून हा रस्ता व्हावा असे मनापासून वाटणारा एखादा सभासद असेलच. तोही पहाटे साडेपाचला उठून आपल्याबरोबर रातवा ऐकायला येतो. निमंत्रणाखाली "रस्ता हवा म्हणणारे पर्यावरणाचे शत्रू" अशा दहा ओळी जमल्या, तर तो पुढच्या रविवारी येणार नाही आणि टेकडीच्या बाजूने बोलू शकणारा एक माणूस आपण हकनाक गमावू. आमच्या गटात आम्ही अखेर असे ठरवले, की आपण ज्या जागी पक्षी पाहतो त्या जागेसंबंधीची सूचना, सुनावणीची तारीख, हरकती पाठवण्याची मुदत किंवा सभेचे निमंत्रण एकदा, तारीख आणि ठिकाण यांसह टाकता येईल. त्यावरची चर्चा कट्ट्यावर होईल. आणि कोणाला मत द्यावे किंवा कोण विकले गेले आहे, हे कुठेच लिहिता येणार नाही. मुळा-मुठेच्या नदीसुधार प्रकल्पावरून वाद पेटला, तेव्हा ही रीत आम्हाला उपयोगी पडली. वाद झालाच, पण नोंदींचा गट त्यात बुडाला नाही.

एक सुचवते. निमंत्रणाऐवजी, किंवा निमंत्रणाबरोबर, आपल्या गटाने इतक्या रविवारी टेकडीवर काय काय पाहिले त्याची यादी करावी: प्रजाती, महिना, संख्या, पाहणाऱ्यांची नावे. हरकतीच्या अर्जाला घोषणेपेक्षा अशी यादी जोडलेली बरी, आणि ती मागितली तर कोणताही समन्वयक विषयांतर म्हणणार नाही.

प्रश्न : पारव्यांना दाणे घालावेत की नाही, यावरून आमच्या गटात सलग तीन दिवस वाद चालला. दोन जुने मित्र आता एकमेकांशी बोलत नाहीत. विषय तर पक्ष्यांचाच आहे, मग थांबवायचा कसा?
– एक समन्वयक, सदाशिव पेठ

उत्तर : विषय पक्ष्यांचा होता तो पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवशी तो भूतदया, सोसायटीची गॅलरी आणि कोणाच्या सासूबाईंचा दमा यांचा झाला असणार. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखान्यांवरून जे पेटले ते सर्वांनी पाहिले आहे, तेव्हा आपल्या गटाकडून जास्त शहाणपणाची अपेक्षा धरू नये. व्हॉट्सॲपमध्ये काही काळ फक्त ॲडमिननाच संदेश पाठवता येतील अशी सोय आहे. ती दोन दिवस वापरावी, मात्र केव्हा उघडणार ते बंद करतानाच सांगावे. मुदत न सांगता बंद केलेले दार लोकांना अपमानासारखे वाटते. आपण स्वतः त्या वादात एका बाजूने बोलला असाल, तर कुलूप दुसऱ्या ॲडमिनला लावू द्यावे. माझे मत विचाराल तर दाणे घालू नयेत: वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना होणारा अपाय हा काही वादाचा मुद्दा राहिलेला नाही, आणि पारवा हा शहरात उपाशी मरणारा पक्षी नव्हे. पण हे मत मी समन्वयक असताना गटात एकदाही लिहिले नाही.

प्रश्न : गटात कोणी आक्षेपार्ह काही टाकले तर पोलीस ॲडमिनला धरतात, असे सर्वत्र ऐकतो. हे खरे आहे का?
– एक घाबरलेला ॲडमिन, औंध

उत्तर : मी वकील नाही, तरी इतके सांगू शकते, की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये याच प्रश्नावर निकाल दिला आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. त्या दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत होता असे दिसायला हवे, असा त्याचा आशय. केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये अशीच भूमिका घेतली. ॲडमिनचे अधिकार माणसे घेण्या-काढण्यापुरतेच असतात, असा विचार नागपूरच्या निकालामागे होता. दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय ॲडमिनच्या हाती 2022 मध्ये, म्हणजे त्या निकालानंतर आली, हे लक्षात ठेवावे आणि द्वेष पसरवणारे किंवा कोणाची बदनामी करणारे काही दिसले तर ते ताबडतोब काढावे. सुप्रभातीबद्दल अद्याप कोणाला अटक झालेली नाही.

प्रश्न : मी गृहिणी आहे. नोव्हेंबरमधील पक्षी सप्ताहात एका फेरीला गेले आणि त्या गटात सामील झाले. आमच्या इमारतीसमोरच्या उंबरावर रोज एक पक्षी येतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल, जाड चोच. दुपारभर कुठून तरी टुक टुक असा एकसारखा आवाज येतो, तो याचाच असावा असे वाटते. मी गटात विचारले, तर "आधी पुस्तक बघा, इथे अभ्यासू लोक आहेत" असे उत्तर आले. विषयांतर करणाऱ्यांना तुम्ही लोक आवरता. यांना कोण आवरणार?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : सहा पत्रांतले हे पत्र मी सर्वांत शेवटी उघडले आणि ते सर्वांत आधी उघडायला हवे होते. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. त्यांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. तो नव्या माणसांना बोलावण्यासाठीच आहे. बोलावून आणलेल्या माणसाला पहिल्याच प्रश्नाला असे उत्तर देणारा संदेश पूर्णपणे विषयाला धरून असतो, त्यामुळे तो कोणी काढत नाही, आणि गटाचे जेवढे नुकसान तो करतो तेवढे शंभर काढ्यांच्या कृतींनी होत नाही. आपल्या समन्वयकांना हे पान दाखवावे. आम्ही दर आठवड्याला एका जुन्या सभासदावर "उत्तरदायी" म्हणून नेमणूक करत असू, त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक "हा कोणता?" या प्रश्नाला, तो चौदाव्यांदा साळुंकीचा असला तरी, त्याने उत्तर द्यायचे. बाकीच्यांनी त्याच्या आधी बोलायचे नाही. अभ्यासू लोकांना ही शिक्षा फार मानवते, असे दिसून आले.

आपण प्रश्न विचारला तो मात्र अगदी हवा तसा विचारला आहे. ओळखीच्या पक्ष्याशी आकाराची तुलना, रंग कुठे आहे, चोच कशी, झाड कोणते, आवाज कसा. याहून अधिक कोणतेही पुस्तक आपल्याला विचारणार नाही. तो तांबट आहे, आणि टुक टुक त्याचाच आहे. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा तो आवाज असतो, म्हणून हे नाव. उंबराची फळे संपेपर्यंत तो येत राहील. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जवळपासच्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला लक्ष ठेवावे, एखाद्या दिवशी तिथे रुपयाएवढे गोल भोक पाडलेले दिसेल आणि भुसा खाली पडलेला असेल. दिसले तर मला इथे कळवावे. गटात फक्त "तांबट, हडपसर" इतकेच लिहावे.